जिंकलेला दावा आणि पंधरा हजार रुपये

१८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं कामकाज कोल्हापुरात सुरू झालं, तेव्हा उद्यमनगरात माझ्या शेजारच्या शेडच्या मालकानं पेढे वाटले. त्याचा हायकोर्टात एकही खटला नव्हता, पुढं असेल असंही दिसत नाही. तरी आनंद खोटा नव्हता. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी चार दशकं लावून धरलेली मागणी पुरी झाली होती. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रभर मुंबईला जायचं, स्टेशनवरच तोंड धुवायचं, दिवसभर कोर्टात बसून ‘आज बोर्ड (दिवसाच्या खटल्यांची यादी) तिथपर्यंत पोचला नाही’ एवढंच ऐकायचं आणि रात्री परत त्याच गाडीत बसायचं, हे ज्यांनी केलंय त्यांना सीपीआर रुग्णालयासमोरच्या त्या कोर्टाच्या इमारतीचं मोल वेगळं सांगायला नको.

पेढा हातात ठेवत शेजारी म्हणाला, ‘‘आता कोर्टकचेरी स्वस्त झाली बघा.’’ माझा घास तिथं अडकला. प्रवास स्वस्त झाला हे खरं. पण आमच्यासारख्या धंदेवाल्याचा खटल्यातला मोठा खर्च गाडीभाड्याचा कधीच नव्हता. तो कुठं होतो, हे मी स्वतः सहा वर्षं भरून शिकलोय.

२०११ ची गोष्ट. माझं मशिनिंगचं काम. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, पार्टी (गिऱ्हाईक कंपनी) पाठवते, आम्ही ते यंत्रावर टर्निंग-बोअरिंग करून परत देतो आणि मजुरीचं बिल लावतो. जिल्ह्याबाहेरच्या एका कंपनीकडं ९ लाख २० हजार रुपये अडकले. त्यांचं म्हणणं, माल रिजेक्ट झाला. माझं म्हणणं, बोअर उघडल्यावर आत ब्लो होल (ओतकामात राहिलेल्या पोकळ्या) निघाले, तो फाउंड्रीचा दोष, माझा कसा? त्यांनी डेबिट नोट, म्हणजे बिलातून रक्कम कापल्याचा कागद, पाठवली, मी फोनवर नको ते बोललो आणि वकील गाठला. वकीलसाहेब हुशार, सरळ आणि कष्टाळू होते, हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणी त्यांच्यावर राग धरू नये. त्यांनी विचारलं, ‘‘कागदपत्रं आणलीत?’’ मी चलनं, बिलं, डेबिट नोट असं सगळं टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, ‘‘केस चांगली आहे.’’ मी खूश.

‘मालक, तुम्हाला यातून नक्की काय पाहिजे?’ हे मात्र त्यांनी विचारलं नाही, आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. मला काय पाहिजे होतं? मार्चअखेर बँकेची कॅश क्रेडिट (धंद्यासाठीच्या उचलीची) मर्यादा नवी व्हायच्या आत खात्यात रक्कम दिसायला हवी होती. शिवाय ती पार्टी टिकायला हवी होती, कारण माझ्या दोन मशिन तिच्याच कामावर चालत होत्या. दावा लावून यातलं काहीही मिळणार नव्हतं.

चौथ्या महिन्यात समोरून निरोप आला, ७ लाख देतो, सात हप्त्यांत. आता इथं कोल्हापूरचा स्वभाव आडवा आला. आमच्याकडं ईर्षा नावाचा प्रकार आहे. फुटबॉलपासून पंचायतीच्या निवडणुकीपर्यंत तो सगळीकडं चालतो, आणि त्याचं आम्हाला कौतुकही असतं. ‘‘दोन लाख वीस हजार कुणाच्या बापाचे सोडायचे?’’ असं मी म्हणालो आणि वकीलसाहेबांनी माझा शब्द तसाच पुढं पोचवला. दावा चालला, निकाल माझ्या बाजूनं लागला, खर्चासकट हुकूमनामा झाला. वकिलांच्या बार रूममध्ये तो विजयच. मग दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलासाठीचा अर्ज), बेलिफ, पुन्हा तारखा, आणि २०१७ मध्ये दरखास्तीतच तडजोड होऊन ८ लाख ७५ हजार हाती आले. वकील फी, कोर्ट फी, टायपिंग, झेरॉक्स, जाण्यायेण्याचा खर्च मिळून वहीत १ लाख ६० हजार लिहिलेत. वजा करा. ७ लाख १५ हजार उरतात. सहा वर्षं भांडून मी नाकारलेल्या रकमेपेक्षा पंधरा हजार रुपये जास्त मिळवले. त्या सात लाखांवर कॅश क्रेडिटचं बारा टक्क्यांनी वर्षाला ८४ हजार व्याज मीच बँकेला भरत होतो, ते यात धरलेलं नाही. पार्टी तर पहिल्याच नोटिशीला गेली.

म्हणून माझं म्हणणं असं की धंद्याच्या वकिलीत ‘स्वस्त’ आणि ‘महाग’ फीवरून ठरवणं हीच पहिली चूक आहे. वकिलानं पाच हजार घेतले की पन्नास, हा प्रश्न नंतरचा. आधीचा प्रश्न, माझ्या धंद्याला काय हवंय ते त्याला ठाऊक आहे का, आणि ते मिळवायचा सगळ्यात जवळचा रस्ता तो मला दाखवतोय का. तो रस्ता कधी कोर्टातून जातो, पुष्कळदा जात नाही.

२०११ मध्ये वाद झाला तेव्हा माझ्या शेडमध्ये त्याच कंपनीचे चारशे नग तयार पडले होते. मी ते सज्जनपणानं पाठवून दिले. करार कायद्याचं कलम १७० सांगतं की दुसऱ्याच्या मालावर कसबाचं काम करणाऱ्याला, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, त्या कामाची मजुरी मिळेपर्यंत तोच माल धरून ठेवता येतो. जुन्या बाकीपोटी नाही, त्याच लॉटच्या मजुरीपुरता. उद्यमनगरात जॉबवर्क करणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? हा दहा मिनिटांचा सल्ला आहे. पण या दहा मिनिटांचे पैसे द्यायला आम्ही तयार नसतो, आणि ते न मिळाल्यामुळं वकीलही ती दहा मिनिटं काढून ठेवत नाही. लग्नात भेटले की कोपऱ्यात घेऊन फुकट विचारायचं आणि दाव्याला मात्र लाख मोजायचे, ही आमची रीत.

यात वकिलांची बाजूही ऐकावी लागते. मनाई हुकूम मिळाला की पुढची फी देताना अशील फोन उचलत नाही, ही तक्रार मी बऱ्याच तोंडून ऐकलीय आणि ती खरी आहे. फी थकली म्हणून अशिलाची फाईल अडवून ठेवायचा हक्क वकिलाला नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००० मध्येच सांगितलंय. मग वकील काय करणार? थोडी रक्कम आगाऊ घेतो आणि बाकीचं तारखेवारी. ही तारखेवारी फी दिसायला सगळ्यात स्वस्त. हजार-दोन हजार तर द्यायचे, कुणाच्या खिशाला जड जात नाहीत. पण ज्या कामाचे पैसे तारखेवर मोजले जातात त्यात तारखा कमी व्हाव्यात अशी निकड कुणालाच राहत नाही. कुणी मुद्दाम लांबवतं असं मी म्हणत नाही. मशिनचं भाडं तासावर दिलं तर कारागीर फीड (कापायचा वेग) कमी ठेवतो, पैसे नगावर असले तर वाढवतो. माणूस तोच असतो.

निकालावर टक्केवारी हा उपाय इथं चालत नाही. वकिलानं निकालावर अवलंबून फी ठरवू नये, वसुलीत वाटा घेऊ नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे आणि मला तो योग्य वाटतो. वसुलीत भागीदार झालेला वकील कोर्टाला खरं सांगेल याची खात्री कोण देणार? पण टप्प्याटप्प्याची ठरलेली फी कुणी अडवलेली नाही. नोटीस आणि बोलणीपर्यंत इतके, मध्यस्थीपर्यंत इतके, दावा दाखल झाला तर इतके, पुराव्याला इतके, दरखास्तीला इतके. हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. मी स्वतः गेल्या आठ वर्षांत असंच करतो. पहिल्यांदा विचारलं तेव्हा एक वकीलसाहेब हसले होते, ‘‘मी काय गवंडी आहे, कोटेशन द्यायला?’’ दुसऱ्यांनी दिलं. माझं काम आजवर त्यांच्याकडंच आहे.

या कागदाची गरज आता आणखी वाढलीय. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. सेवेत कसूर झाली म्हणून ग्राहक मंचात जायची वाट बंद. निकालाशी मी भांडत नाही. कोर्टात हरला म्हणून प्रत्येक अशील वकिलाला ग्राहक मंचात खेचू लागला तर वकिली करणं अशक्य होईल. पण मग दोघांमधलं जे काही आहे ते लिहूनच ठेवायला हवं. त्या कागदावर फीच्याही वर एक ओळ असावी, कितीला थांबायचं. माझ्या २०११ च्या कागदावर ‘सात लाख, सहा महिन्यांत’ अशी ओळ डोकं शांत असताना लिहिलेली असती, तर चौथ्या महिन्यातल्या ईर्षेला तिनं वेसण घातली असती.

पावतीचंही बोलून घेतो, कारण हे कुणी बोलत नाही. व्यापारी दाव्यात हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा, हा आता सर्वसाधारण नियम आहे, आणि त्यात वकिलाची फीसुद्धा येते. पण ती मागायला पावती लागते. रोखीत दिलेल्या, कुठंच न लिहिलेल्या फीचा हिशेब न्यायाधीशापुढं काय डोंबल मांडणार?

नोटिशीच्या भाषेवर मात्र मला जरा थांबायचंय. आपल्याकडं वकिलाची नोटीस म्हणजे तोफ. ‘तुम्ही लबाडीच्या हेतूनं, आमच्या अशिलाच्या भोळेपणाचा गैरफायदा घेऊन’ वगैरे. वाचून अशिलाच्या अंगावर मूठभर मांस चढतं आणि त्यासाठीच त्यानं पैसे दिलेले असतात. पण समोर काय होतं? परचेसमधला जो माणूस माझं बिल वर ढकलायच्या बेतात होता, तो ती नोटीस लीगल विभागाकडं देतो आणि हात झटकतो. लीगलवाल्याला माझा माल, माझं काम, माझा दहा वर्षांचा संबंध यातलं काही ठाऊक नसतं. तो उत्तराची नोटीस बडवतो. तिथून पुढं दोन वकील एकमेकांशी बोलतात आणि दोन धंदेवाले गप्प होतात. चांगल्या व्यापारी वकिलाची नोटीस मी पाहिलीय. दीड पान, बिलांचा तक्ता, कायद्यानं चढत जाणाऱ्या व्याजाचा आकडा, आणि शेवटी ‘अमुक तारखेपर्यंत बसून मिटवायची आमच्या अशिलांची तयारी आहे’. त्यात एकही विशेषण नव्हतं. पैसे २३ दिवसांत आले.

व्याजाचा आकडा का महत्त्वाचा? कायदा बदललाय आणि बरेच सल्ले अजून जुनेच आहेत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी मुदत काहीही असली तरी ४५ दिवसांच्या आत द्यावं लागतं. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं. बँक रेट साडेपाच धरला तरी ते साडेसोळा टक्के झाले. पैसे न देणाऱ्याविरुद्ध फॅसिलिटेशन कौन्सिलकडं (याच कायद्याखालच्या थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या मंडळाकडं) जाता येतं, आणि कौन्सिलचा निवाडा कोर्टात उलटवायला गेलेल्या खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. भर म्हणून आयकर कायद्यात ४३ बी (एच) ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून आली. लघु उद्योगाला वेळेत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. या सगळ्यासाठी माझी उद्यम नोंदणी (लघु उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद) हवी, आणि ती माल देण्याच्या आधीची हवी म्हणजे वादाला जागा उरत नाही. २०११ मध्ये माझी कसलीच नोंदणी नव्हती. कायदा पाच वर्षं जुना होता, मला त्याचं नावही ठाऊक नव्हतं.

आता यातली अडचणीची बाजू. अशिलाचं उद्दिष्ट साधणं म्हणजे चांगली वकिली असं म्हटलं, तर ज्या अशिलाचं उद्दिष्टच पैसे बुडवायचं आहे त्याचं काय? इचलकरंजीत सुताची उधारी ठेवून दुकान बंद करणारा, किंवा माझ्यासारख्याला डेबिट नोट लावून दोन वर्षं बिनव्याजी पैसा वापरणारा, यांचं उद्दिष्टही ‘व्यापारी’च आहे. आणि त्यांच्या वकिलानं मुदती मागून मागून ते साधलं तर त्याला किफायतशीर सेवा म्हणायचं का? हा आक्षेप मला एका निवृत्त न्यायाधीशांनी घेतला आणि मी बराच वेळ गप्प राहिलो. वकील हा आधी कोर्टाचा अधिकारी असतो, हे उत्तर आहेच, पण ते पुस्तकी. माझं उत्तर हिशेबाचं आहे. लांबवणं ही एके काळी खरोखर स्वस्त वित्तपुरवठ्याची योजना होती. साडेसोळा टक्के चक्रवाढ, ७५ टक्के अनामत आणि वर आयकर, यानंतर ती बँकेच्या कर्जापेक्षा महाग पडते. तेव्हा खरेदीदाराच्या वकिलानं ‘‘शेठ, देऊन टाका’’ म्हणणं ही त्याच्या अशिलाची सेवाच आहे. मुळापासून बुडवणाऱ्याला हे लागू नाही हे कबूल. त्याच्यासाठी कोर्टच लागतं, आणि तिथं खर्चाकडं बघून चालत नाही.

तीन लाखांवरच्या व्यापारी दाव्यात, तातडीचा हुकूम नको असेल तर, दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही सक्ती ठामपणे उचलून धरली. तिथं झालेली तडजोड लवादाच्या निवाड्याइतकी पक्की असते. पण आपल्याकडं तिचं काय झालंय? ‘‘समोरचा येत नाही, नॉन-स्टार्टरचा (मध्यस्थी सुरूच झाली नाही असा) कागद घ्या आणि दावा लावा.’’ एक सोपस्कार. शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत्यांनी आणि गुजरीतल्या सराफांनी पिढ्यान्पिढ्या दोन जाणती माणसं मध्ये बसवून व्यवहार मिटवले, त्या गावात हे व्हावं याचं मला नवल वाटतं. दावा जिंकला म्हणजे पैसे आले असं धरणाऱ्यांसाठी एक आकडा. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं आलेल्या माहितीनुसार देशात ८ लाख ८२ हजारांहून जास्त दरखास्ती पडून होत्या, आणि त्यात सगळ्यात जास्त, ३ लाख ४१ हजार, महाराष्ट्रातल्या. म्हणजे एवढ्या जणांच्या हातात हुकूमनामा आहे आणि ते त्याच्या अंमलाची वाट पाहताहेत.

चपलेचं प्रकरण याच नजरेनं बघा. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि आपल्याकडं पेटलं. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. जुलैत ती फेटाळली गेली, कारण भौगोलिक मानांकनाचे नोंदणीकृत मालक याचिकेत नव्हतेच. ते मानांकन महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर या चर्मोद्योगाच्या महामंडळांकडं आहे. दरम्यान महाराष्ट्र चेंबर या व्यापाऱ्यांच्या संघटनेनं कंपनीला पत्र लिहिलं, कंपनीनं प्रेरणा कुठली ते मान्य केलं, तिची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली आणि डिसेंबरमध्ये दोन्ही महामंडळांशी सामंजस्य करार झाला. त्यातून सुभाषनगरातल्या कारागिराच्या हातात किती पडेल, याबद्दल मी अजून साशंक आहे, आणि कराराचं कलमन्‌कलम त्याच्या बाजूच्या वकिलानं वाचायला हवं. पण त्याला हवी होती ऑर्डर, आणि याचिकेत मागितली होती माफी आणि भरपाई. अशील कोण आणि त्याला काय पाहिजे, हे ठरल्याशिवाय कोर्टात गेलं की असं होतं.

मग करायचं काय? वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळं कोण टप्प्याची फी घेतो, कोण मध्यस्थीत चांगला, हे आम्हाला एकमेकांना विचारूनच कळतं. ही उणीव भरून काढायला स्मॅक, गोशिमा, इंजिनिअरिंग असोसिएशन या इथल्या उद्योजकांच्या संघटनांइतकं सोयीचं कुणी नाही. माझी सूचना साधी आहे. तिन्ही संघटनांनी मिळून एक चांगला व्यापारी वकील फी देऊन बसवावा आणि त्याच्याकडून तीन कागद करून घ्यावेत. एक जॉबवर्कचा करार, त्यात रिजेक्शन कुणी, किती दिवसांत, कशा तपासणीनं ठरवायचं ते असावं. दुसरा दरवर्षी मार्चअखेर सही घ्यायचा बाकीचा दाखला. तीन वर्षांची मुदत संपायच्या आत अशी सही मिळाली की मुदत तिथून पुन्हा मोजली जाते. तिसरा बिलामागचा मजकूर. आपण बिलावर ‘कोल्हापूर न्यायक्षेत्राच्या अधीन’ छापतो, पार्टीच्या परचेस ऑर्डरवर तिच्या गावाचं नाव असतं, आणि ती ऑर्डर न वाचता आपणच सही करून दिलेली असते. पुढं दोन वर्षं दावा कुठं चालवायचा यावरच भांडण. हॉलमध्ये कायद्यावर व्याख्यान ठेवून चहा-बिस्किटं वाटण्यापेक्षा या तीन कागदांचा खर्च कमी येईल.

बेंच आलं त्याचा आनंद मलाही आहे. पण बारा तासांचा प्रवास वाचला म्हणून ‘‘चला, अपील करून बघू’’ असं म्हणणारे आता वाढतील, ही भीती पेढे खातानाच वाटली होती.

तोच पेढेवाला शेजारी गेल्या आठवड्यात आला. हातात डेबिट नोट, साडेचार लाखांची, आणि तोंडात तेच वाक्य, ‘‘सोडत न्हाई आता.’’ मी त्याला घेऊन माझ्या वकीलसाहेबांकडं गेलो. त्यांनी कागद बाजूला सारले आणि आधी विचारलं, ‘‘ही पार्टी तुम्हाला पुढं हवीय का?’’ शेजारी गडबडला. मग म्हणाला, हवी आहे, वर्षाचं तीस टक्के काम तिचंच. सल्ल्याची फी अडीच हजार झाली, ती त्यानं मोबाईलवरून तिथंच भरली आणि पावती मागितली. थांबायचा आकडा मात्र त्याला अजून ठरवता आलेला नाही. घरी बोलून शनिवारी सांगतो म्हणालाय.